अभिजात कला आणि पुरातत्त्व : एक अनोळखी वाट

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या समारंभात दहावी-बारावीला चांगले गुण मिळवलेल्या मुलामुलींचा सत्कार होतो. बक्षीस घेऊन खाली उतरणाऱ्या मुलाला कोणी ना कोणी विचारतोच, "बेटा, पुढे काय करणार?" उत्तरेही ठरलेली असतात. डॉक्टर, इंजिनिअर, संगणक, फार तर वकिली किंवा डी. एड. या उत्तरांत गैर काहीच नाही. समाजाला डॉक्टर हवेत आणि शिक्षकही हवेत. परंतु ज्ञानाची दालने एवढीच आहेत असे आपण धरून चाललो, तर इतर जी दारे आपल्या मुलांसाठीही उघडी आहेत, त्यांच्यापर्यंत ती कधी पोहोचणारच नाहीत.

आज मी अशाच एका दाराविषयी बोलणार आहे. विषयाचे नाव आहे अभिजात कला आणि पुरातत्त्व. प्राचीन ग्रीक व रोमन लोकांची शहरे, इमारती, मूर्ती, नाणी, मातीची भांडी यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास, असा त्याचा थोडक्यात अर्थ. हे नाव ऐकून तुमच्या मनात तीन शंका येतील. पहिली, मूर्तींचा आणि आपला संबंध काय? दुसरी, या शिक्षणावर पोट भरेल काय? तिसरी शंका सहसा कोणी मोठ्याने बोलत नाही, पण ती सर्वांत जड असते. उद्या मुलीनेच हा विषय घ्यायचा हट्ट धरला तर? या शंकांना नुसता उपदेश करून उत्तर देता येत नाही. म्हणून मी तुम्हांला एका बाईंची हकीकत सांगतो. त्यांचे नाव प्राध्यापिका जाले इनान. तुर्कस्तानातील पहिल्या महिला पुरातत्त्वज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

विषय तितका परका नाही

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या घरांत आजही युनानी औषधे येतात. युनानी म्हणजे यूनानची. यूनान हे नाव 'आयोनिया'वरून आले, आणि आयोनिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम किनारा. हकीम लोक ज्याला जालीनूस म्हणतात तो वैद्य गेलेन हा पर्गामोन शहराचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील बर्गामा गावचा. अरस्तू, अफलातून, सिकंदर ही नावे आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी होती. आठव्या ते दहाव्या शतकांत बगदादमध्ये ग्रीकांचे वैद्यक, तर्कशास्त्र व ज्योतिष अरबी भाषेत उतरवले गेले, आणि त्यांतील कित्येक ग्रंथ युरोपला पुढे अरबीतूनच परत मिळाले. तेव्हा ग्रीकांच्या विद्येशी आपले नाते आजकालचे नाही. फक्त त्यांच्या ग्रंथांशी आपण ओळख ठेवली आणि त्यांच्या दगडांकडे दुर्लक्ष केले.

हे दगड जमिनीत पडले होते ते मात्र बरेचसे मुसलमानांच्या राज्यात. उस्मानी सल्तनतीच्या हद्दीत जुनी ग्रीक व रोमन शहरे शेकड्यांनी होती. एकोणिसाव्या शतकात युरोपचे विद्वान येत, खोदत, आणि सापडलेले नेत. १८७४ च्या कायद्याने खोदणाऱ्याला सापडलेल्या वस्तूंचा तिसरा हिस्सा मिळत असे. पर्गामोनची प्रसिद्ध वेदी याच काळात बर्लिनला गेली.

ही रीत बदलली ती उस्मान हमदी बे यांनी. त्यांचा जन्म १८४२ चा. वडील इब्राहीम अदहम पाशा हे पुढे सल्तनतीचे वजीर-ए-आझम झाले. त्यांनी मुलाला १८६० मध्ये कायदा शिकण्यासाठी पॅरिसला पाठवले. मुलगा तिथे चित्रकला शिकला. पालकांनो, अशा वेळी घरात काय होते ते तुम्हांला मी सांगायला नको. पण याच मुलाकडे १८८१ मध्ये इस्तंबूलच्या शाही संग्रहालयाची सूत्रे आली. १८८४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने नवा कायदा झाला, आणि प्राचीन वस्तू देशाबाहेर नेण्यास बंदी आली. १८८७ मध्ये आजच्या लेबनॉनमधील सिदोन येथे त्यांनी स्वतः राजघराण्याची भूमिगत दफनस्थाने उघडली. तिथल्या संगमरवरी शवपेट्यांपैकी एकीवर सिकंदराची लढाई व शिकार कोरलेली आहे. त्या शवपेट्या ठेवण्यासाठी इस्तंबूलला नवी इमारत बांधून १८९१ मध्ये ती लोकांना खुली झाली. आज जगातील अभिजात कलेचा कोणताही अभ्यासक तिथे गेल्याशिवाय राहत नाही.

बाप आणि लेक

जाले यांचा जन्म १९१४ मध्ये इस्तंबूलचा. वडील अझीझ ओगान हे संग्रहालयाच्या नोकरीत होते, आणि पुढे ते इस्तंबूलच्या याच पुरातत्त्व संग्रहालयांचे संचालक झाले. लहानपणापासून मुलीने घरात उत्खननाच्या गोष्टी ऐकल्या. मुलींच्या शाळेतून शिक्षण पुरे झाल्यावर तिने याच विषयासाठी जर्मनीला जायचे ठरवले. तो काळ १९३४-३५ चा. प्रथम जर्मनीच्या हुंबोल्ट प्रतिष्ठानाची शिष्यवृत्ती मिळाली, नंतर तुर्की सरकारची. वीस-एकवीस वर्षांची मुलगी, परका मुलूख, परकी भाषा. वडिलांनी जाऊ दिले. अझीझ ओगान यांनी स्वतः बरीच कामे केली, पण मला विचाराल तर हे त्यांचे मोठे काम.

बर्लिन व म्युनिक येथे जाले यांनी आठ वर्षे अभ्यास केला. मध्येच दुसरे महायुद्ध सुरू झाले तरी त्यांनी अभ्यास सोडला नाही. १९४३ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, प्राध्यापक गेर्हार्ट रोडेनवाल्ट यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांना डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषय होता रोमन नाण्यांवर कोरलेली बळी देण्याच्या विधीची दृश्ये. ही नाणी आपल्या रुपयाएवढी किंवा त्याहून थोडी लहान-मोठी असतात. एवढ्याशा जागेत कोण उभा आहे, त्याच्या हातात काय आहे, पाठीमागे कोणती इमारत आहे, हे पाहून ते नाणे कोणत्या बादशहाचे व कोणत्या प्रसंगाचे ते ठरवायचे. हे काम करणाऱ्याला लॅटिन वाचता आले पाहिजे, ग्रीक वाचता आले पाहिजे, आणि पूर्वीच्या अभ्यासकांचे लिखाण समजण्यासाठी जर्मन, फ्रेंच, इंग्रजीही आली पाहिजे. विद्यार्थी मित्रहो, या विषयात हातात थापी यायच्या आधी पाच भाषांची पुस्तके हातात येतात, हे ध्यानात ठेवा.

मायदेशी परतल्यावर जाले इस्तंबूल विद्यापीठात सहायक म्हणून रुजू झाल्या. १९४४ मध्ये त्यांचे लग्न मुस्तफा इनान यांच्याशी झाले. ते स्थापत्य अभियांत्रिकीचे नामवंत प्राध्यापक होते. मुलगा झाला, घर चालले, आणि इनानबाईंचे संशोधनही चालले. मुलगी जास्त शिकली तर तिचा संसार कसा होणार, अशी काळजी करणाऱ्यांनी एवढे ऐकून ठेवावे.

जमिनीवरचे काम

१९४६ पासून प्राध्यापक आरिफ मुफीद मनसेल यांच्या हाताखाली इनानबाई दक्षिण किनाऱ्याकडील पर्गे व सिदे या दोन प्राचीन शहरांच्या उत्खननात उतरल्या. अंताल्या शहराच्या पूर्वेला ही ठिकाणे आहेत. पैकी सिदेच्या अवशेषांतच क्रीट बेटावरून आलेल्या मुसलमान कुटुंबांनी सन १९०० च्या सुमारास घरे बांधून गाव वसवले होते. म्हणजे वर मच्छिमारांचे गाव आणि खाली रोमन शहर.

उत्खनन म्हणजे खजिन्यासाठी खणणे, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात ते फार सावकाश चालणारे काम आहे. जागेचे चौकोन आखायचे. मातीचा एकेक थर उतरवायचा. कोणती वस्तू कोणत्या थरात, किती खोलीवर, कशाच्या शेजारी होती याची नोंद करायची, चित्र काढायचे, फोटो घ्यायचा. कारण थर एकदा उचलला की तो पुन्हा लावता येत नाही. नोंद चुकली तर ते पान कायमचे फाटले असे समजा. उन्हाळ्यात खोदायचे आणि उरलेले वर्ष सापडलेल्या वस्तूंची छाननी करून अहवाल लिहायचा, असा क्रम. अहवाल छापून निघाल्याशिवाय उत्खनन पुरे झाले असे कोणी मानत नाही.

इनानबाईंचा हातखंडा होता रोमन काळातील व्यक्तिशिल्पांत, म्हणजे खऱ्या माणसांच्या दगडी मुखवट्यांत. जमिनीतून एक मस्तक निघते. नाव नाही, सन नाही. ते कधीचे, हे कसे ओळखायचे? केसांवरून. रोमन बादशहा व त्यांच्या बेगमा ज्या पद्धतीने केस ठेवत, त्याच पद्धतीची नक्कल दूरच्या प्रांतांतील प्रतिष्ठित लोक करीत. आजकाल नटाचे पाहून केस कापतात, तसेच. बादशहांची छबी नाण्यांवर सनासह सापडते, म्हणून केसांची पद्धत नाण्यांशी ताडून पाहिली की मस्तकाचा काळ कळतो. हाद्रियान बादशहाने (इ. स. ११७ ते १३८) पूर्ण दाढी राखली आणि त्याच्यामागून साऱ्यांनी राखली. डोळ्यांकडेही पाहायचे. बुबुळे पूर्वी रंगाने दाखवीत, ती इ. स. १३० च्या सुमारापासून छिन्नीने कोरू लागले. अशा एकेक खुणा जमवून इनानबाईंनी एलिझाबेथ रोझेनबाउम या विदुषीबरोबर आशिया मायनरमधील रोमन व आरंभीच्या बायझंटाइन व्यक्तिशिल्पांवर १९६६ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १९७९ मध्ये नव्या शिल्पांची त्यात भर घातली. नाण्यांवर घालवलेली ती आठ वर्षे इथे कामास आली.

पर्गेच्या मातीने एका बाईची ओळख जगाला करून दिली, तीही सांगण्याजोगी आहे. तिचे नाव प्लांकिया माग्ना. इ. स. १२० च्या सुमारास तिने स्वतःच्या पैशाने शहराची वेस सजवली. शहरातील मानाचे पद तिच्याकडे होते आणि शिलालेखांत तिला 'नगराची कन्या' म्हटले आहे. त्याच वेशीत तिच्या वडिलांचे व भावाचे पुतळे होते. खाली लेख होते की हा प्लांकियाचा बाप आणि हा प्लांकियाचा भाऊ. बाई अमक्याची मुलगी किंवा अमक्याची बहीण म्हणून ओळखली जाणे आपल्याला सवयीचे आहे. इथे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी उलटे झालेले दिसते.

इनानबाई १९५३ मध्ये सहप्राध्यापक आणि १९६३ मध्ये प्राध्यापक झाल्या. १९७५ मध्ये विद्यापीठातील अभिजात पुरातत्त्वाचे अध्यासन व पर्गेचे उत्खनन त्यांच्याकडे आले. सिदे येथील पडक्या रोमन हमामाची दुरुस्ती होऊन तिथे १९६२ मध्ये संग्रहालय उघडले, त्यातही त्यांचा वाटा होता. सिदेच्या समुद्रकाठी अपोलोच्या देवळाचे पाच खांब आज उभे दिसतात. जमिनीवर विखुरलेले त्यांचे तुकडे जुळवून १९८० च्या दशकात ते उभारण्याचे काम इनानबाईंच्या देखरेखीखाली झाले. १९८३ मध्ये त्या विद्यापीठातून निवृत्त झाल्या, तरी पर्गेचे काम १९८७ पर्यंत पाहत होत्या.

अर्धी मूर्ती

आता एका मूर्तीची गोष्ट. हेराक्लेस हा ग्रीक कथांतील महाबली वीर. दमून आपल्या सोट्यावर रेलून उभा असलेला हेराक्लेस इ. स. पूर्व चौथ्या शतकात लिसिप्पोस या शिल्पकाराने ब्राँझमध्ये घडवला. ते मूळ शिल्प नष्ट झाले, पण रोमन काळात त्याच्या अनेक संगमरवरी नकला झाल्या. त्यांपैकी दुसऱ्या शतकातील एका नकलेचा कमरेखालचा भाग १९८० मध्ये पर्गेच्या उत्खननात सापडला. वरचा भाग मात्र तिथे नव्हता.

पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, अमेरिकेतील बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयाने एका खासगी संग्राहकाच्या भागीदारीत हेराक्लेसचा कमरेवरचा भाग विकत घेतला. १९९० मध्ये तो न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात मांडला गेला आणि जाणत्यांच्या लक्षात आले की पर्गेच्या पायांचे धड ते हेच. असे ठामपणे सांगणाऱ्यांत इनानबाई पुढे होत्या. त्यांचे वय तेव्हा शहात्तर होते. १९९२ मध्ये दोन्ही भागांचे प्लॅस्टरचे साचे एकावर एक ठेवून पाहिले. तुटीची रेघ बरोबर जुळली.

तरीही वाद मिटला नाही. मूर्ती फार पूर्वीच कधीतरी देशाबाहेर गेली असू शकेल, असे संग्रहालयाचे म्हणणे होते. तुर्कस्तानची भिस्त होती ती जमिनीतल्या प्राचीन वस्तू सरकारी मालकीच्या ठरवणाऱ्या १९०६ च्या कायद्यावर, म्हणजे पुन्हा उस्मान हमदी यांच्याच काळातील कायद्यावर. अखेर सप्टेंबर २०११ मध्ये वरचा भाग तुर्कस्तानला परत आला आणि अंताल्याच्या संग्रहालयात तो खालच्या भागावर बसवण्यात आला. इनानबाईंना ते पाहायला मिळाले नाही. २००१ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

तिथे उपयोगी पडली ती सरकारची ताकद तर खरीच. पण ती ताकद वापरता आली, याचे कारण खालचा भाग कुठे, कधी सापडला याची पर्गेच्या वहीत नोंद होती, आणि ते दोन तुकडे एकच आहेत हे अधिकाराने सांगू शकणारी विदुषी त्या देशाजवळ होती. ज्या समाजाजवळ असे जाणकार नसतात, त्याच्या वस्तूंविषयी दुसरेच लोक निकाल देतात.

आता तुमच्या शंका

पहिली शंका मूर्तींची. मी आलिम नाही, पण एवढे समजते की मूर्तीपुढे मान झुकवणे वेगळे आणि ती कोणी, कधी, कशाने घडवली याचा अभ्यास करणे वेगळे. पूर्वीच्या कौमांच्या अवशेषांकडे पाहून बोध घेण्यास कुरआन शरीफमध्ये अनेक ठिकाणी सांगितले आहे. अल्-बेरूनीने अकराव्या शतकात संस्कृत शिकून हिंदूंच्या विद्येवर ग्रंथ लिहिला, त्याने त्याचे इमान कमी झाले नाही. आणि इतके लांब कशाला जायचे? आपल्या अजिंठ्याकडे पाहा. तेव्हा तो मुलूख निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. त्या राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे पहिले संचालक गुलाम यझदानी यांनी १९१४ ते १९४३ पर्यंत काम केले. त्यांच्या कारकीर्दीत इटलीहून तज्ज्ञ आणून लेण्यांतील चित्रे सांभाळण्याचा प्रयत्न झाला, आणि १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावर त्यांचे चार खंड प्रसिद्ध झाले. बुद्धाच्या चित्रांची अशी सेवा करणारा हा विद्वान अरबी-फारसी शिलालेखांचाही जाणकार होता. भारत सरकारने १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण दिले.

दुसरी शंका पोटापाण्याची. इथे मी खोटी आशा दाखवणार नाही. या विषयात जागा थोड्या असतात आणि कमाई उशिरा सुरू होते. इनानबाईंना प्राध्यापकपद मिळाले तेव्हा त्या एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. म्हणून ज्या घराला मुलाच्या पगाराची उद्याच गरज आहे, त्याने विचार करूनच पाऊल टाकावे. ज्याला भाषांची गोडी आहे, हातात चित्र आहे, उन्हात उभे राहण्याची तब्येत आहे आणि एकाच वस्तूकडे तासभर पाहण्याचा धीर आहे, त्याने मात्र जरूर यावे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. डॉ. ह. धी. सांकळिया यांनी १९३९ पासून तिथे या विद्येचे मोठे केंद्र उभे केले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याची ग्रेटर नोएडा येथे स्वतःची प्रशिक्षण संस्था आहे. याच खात्याची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा नागपूरला आहे. मदरशात किंवा शाळेत शिकलेली अरबी, उर्दू, फारसी तिथे कामास येते. खास ग्रीक-रोमन अभ्यासासाठी परदेशी जावे लागते आणि त्याला शिष्यवृत्ती लागते, परंतु पाया इथेच घालता येतो.

आणि ग्रीक-रोमन जगाच्या खुणा आपल्याकडे नाहीत असे थोडेच आहे! कोल्हापूरला ब्रह्मपुरी येथे १९४४-४५ च्या सुमारास पोसायडन या ग्रीक सागरदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती सापडली. ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव ग्रीक लेखकांना 'तगर' म्हणून ठाऊक होते. इ. स. पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाच्या मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण आणि चौल यांची नावे आहेत. आपल्या कोकणी कुटुंबांचे वाडवडील ज्या बंदरांतून गलबते हाकत, त्याच बंदरांत कधीकाळी रोमन माल उतरत होता.

तिसऱ्या शंकेला उत्तर मी वेगळे देत नाही. अझीझ ओगान यांनी ते देऊन ठेवले आहे.

शेवटी दोन मागणी करतो. संस्थेच्या चालकांना विनंती की नववीच्या वर्गाची एक सहल कोल्हापूर किंवा तेरच्या संग्रहालयात न्यावी, आणि प्रत्येक मुलाने एकाच वस्तूसमोर बसून तिचे चित्र व वर्णन वहीत उतरवावे. तेवढ्यावरून कोणाला गोडी आहे ते शिक्षकांना कळेल. पालकांना विनंती की घरातील मुलाने, विशेषतः मुलीने, एखाद्या अनोळखी विषयाचे नाव काढले, तर नकार देण्याआधी तो विषय काय आहे ते एकदा विचारा. उत्तर ऐकून मग खुशाल निर्णय घ्या.

अल्लाह आपल्या मुलामुलींना इल्म हासिल करण्याची आणि आपल्याला त्यांच्या पाठीशी उभे राहण्याची तौफीक देवो. आमीन.

खुदा हाफिज. जय हिंद.